वरचे सूर

ओलं बोट ॲम्प्लिफायरच्या इनपुटला लावायचं, स्पीकरमधून घूंऽऽ आलं की मान डोलवायची आणि जाहीर करायचं, "जिता हाय!" ही काकांची तपासणी. पनवेलच्या एसटी स्टँडजवळ त्यांचं ॲम्प्लिफायरचे सेट बांधायचं दुकान होतं. बाजारात तयार सर्किटं मिळत असताना एकेक ट्रान्झिस्टर निवडून सेट बांधणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती चुकत नाहीत. चुकतं ते गिऱ्हाईक.

मी कॉलेजात हाच विषय शिकवतो. म्हणजे फळ्यावर. फळ्याने हात भाजत नाही. माझ्या पोरांना सहा महिन्यांत न कळणारी गोष्ट काका एका दमात सांगत: "पयला टप्पा कुजबुज उचलतो, दुसरा वाढवतो, तिसरा बोंबलतो. पन पयल्यात घाण शिरली, तर पुढचे दोघं तीच वाढवतात. आमच्या पुढाऱ्यांसारखं."

प्रत्येक टप्पा खालचे आणि वरचे सूर थोडे थोडे कापतो. टप्पे वाढले की आवाज वाढतो, पण सुरांचा पट्टा अरुंद होतो. मी त्याचा आलेख काढतो, काका कानाने जुळवत. वरचे सूर दबलेले वाटले की ते उचलायला कपॅसिटर बदलायचा, ऐकायचं, पुन्हा बदलायचा.

एकदा जवळच्या कोन गावच्या भजनी मंडळाचे बुवा नवा सेट परत घेऊन आले.

"काका, टाळ वाजला की कानात सुई घुसते."

"सेट बरोबर हाय. तुमचे कान बिघडलेत."

"अवो, जन्म गेला माझा भजनात!"

"त्यानंच बिघडले."

मला चेव आला. कॉलेजातून यंत्रं आणून आलेख काढला. वरच्या टोकाला सेट नको तितका चढला होता. "खोटा हाय तुमचा कागद," काका म्हणाले. मग मी स्पीकरवर एकच सूर लावला आणि हळूहळू चढवत नेला. शेजारच्या वडापाववाल्याने कान झाकले, बुवा उठून दारात गेले.

"बंद का केलात, मास्तर?" काकांनी विचारलं.

मी बंद केला नव्हता. शहाण्या माणसाने इथे काहीतरी थाप मारली असती. मी मात्र शिकवायच्या भरात यंत्राचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर सुराची लाट अजून नाचत होती. काकांनी लाटेकडे पाहिलं, मग कानांत बोटं घातलेल्या बुवांकडे. त्या हुशारीची मला आजही लाज वाटते.

"कवापासून आसंल?" ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी कपॅसिटर काढला. "तुमी ऐका आन सांगा." मी सांगत गेलो, ते बदलत गेले. बुवा खूश होऊन सेट घेऊन गेले. त्यानंतर काकांनी एकही सेट बांधला नाही. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

मध्यंतरी कोनला भजनाला गेलो. सेट तोच होता. काका पुढेच बसले होते, मांडीवर नात. टाळ सुरू झाले तसे ते तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "टोचत नाय ना गो बाय?"