रिबीन तिथं कात्री

खुर्चीत कोणी बसले की बाई आधी तिची वेणी तळहातावर घेत आणि भाजीवालीने दुधी जोखावा तशी दोनदा वरखाली करत. मग म्हणत, "लई माया लावली दिसते हिला." कात्री तोवर ड्रॉवरमध्येच असे.

सिडकोत आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे. तिच्या वरच्या खोलीत बाईंचे पार्लर होते. खाली चक्की सुरू झाली की वर आरसा थरथरे. म्हणून आयब्रो करायच्या असल्या की बाई खिडकीतून ओरडत, "भाऊ, जरा थांबवा, डोळ्यापाशी हाये." गिरणी थांबे. खाली डबे घेऊन उभ्या असलेल्यांना समजे की वर कोणाच्या तरी भुवया चालल्या आहेत.

मी तिथे पोचले ती दोन ठिकाणांहून उठून. माझा उजवा खांदा आखडला होता, हात वर जात नव्हता, आणि वेणी कमरेखाली. रोज सकाळी हे माझी वेणी घालत. हे बँकेतून निवृत्त झालेले. तिन्ही पेड अगदी समान घेत आणि सुतळीसारखे घट्ट वळत. त्यामुळे माझ्या भुवया दिवसभर वर ओढलेल्या राहत, आणि भेटणाऱ्या प्रत्येकाला वाटे, मला कशाचे तरी आश्चर्य वाटले आहे. डाव्या हाताने माझे मला विंचरता येतील एवढेच केस हवे होते. बाकी मागणे काही नव्हते.

जालना रोडवरच्या काचेच्या दाराच्या सलूनमधल्या तरुणाने मोबाइलवर मुलींचे फोटो दाखवून विचारले, "मॅडम, आपकू कौनसा लुक होना?" म्हटले, "लुक आहे तो राहू दे. केस कमी कर." त्याचा चेहराच पडला. दुसऱ्या ठिकाणी माझे केस बघण्याआधीच रंगाचे कार्ड पुढे आले. तिथूनही उठले.

बाईंनी मात्र सगळे ऐकून घेतले. मग शाळेतल्या मुलींची असते तसली लाल रिबीन काढली आणि खांद्याच्या वीतभर खाली वेणीला गाठ मारली. "इथं कापू. आता घरी जा, सगळ्यांना दावा. दोन-तीन दिस नांदू द्या तिला."

"अहो, केस माझे आहेत."

"व्हय, तुमचेच. रडणारे दुसरेच असतेत."

ही पद्धत त्यांना एका लग्नानंतर सुचली होती. नवी सून खांद्यापर्यंत केस कापून घेऊन गेली, आणि तासाभरात तिची सासू कापलेली वेणी पिशवीत घेऊन जिना चढून आली. म्हणाली, जोडून दे. "मग काय केलंत?" मी विचारले. "बसवलं, चहा पाजला, अन् तिचेच आयब्रो करून पाठवलं. पण तवापासून रिबीन. रिबीन तिथं कात्री. मी माझ्या हातानं सरकवत नसते."

तर ती रिबीन घेऊन मी घरी आले. आमच्या भागात वेणीच्या मधोमध रिबीन दिसली की लोकांना अर्थ कळत असे. भाजीवाला म्हणाला, "काकू, अजून वर घ्या, उन्हाळा हाय." सासूबाईंनी जवळ बोलावले, गाठ सोडली आणि चार बोटे खाली बांधली. मुलाने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगितले, "आई, सरळ बॉब कर." पण फोनवरून रिबीन सरकत नाही.

खरी अडचण ह्यांची होती. वेणी रोज सकाळी हेच घालत, म्हणजे रिबीन रोज सकाळी ह्यांच्याच हातात. पहिल्या दिवशी ती थोडी उतरली. दुसऱ्या दिवशी आणखी. मी विचारले तर म्हणाले, "सरकली असेल. सॅटिनची आहे." चौकशीत ह्यापेक्षा जास्त काही हाती लागले नाही.

मी परत गेले तेव्हा रिबीन गोंड्यापाशी होती. बाई बघून हसल्या. "ताई, हे तर शेपूट तासणं झालं."

"तुम्हाला माहीत आहे मला कुठे हवे ते. कापा."

"नाय. रिबीन तिथं कात्री." आणि त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "मी बघत नाय. सावकाश होऊ द्या."

मी वेणी पुढे घेतली, गाठ सोडली. एक टोक दातात धरले आणि डाव्या हाताने बांधली. बाई वळल्या. "पहिल्यापेक्षा वर गेली की."

"जाऊ दे."

"अन् घरी काय म्हणतील?"

"घरी मी जाणारच आहे."

मग त्यांनी ड्रॉवर उघडला. "यू, स्टेप का लेयर?" मी म्हटले, तुम्हाला वाटेल ते, कारण माझ्या आधीच्या तिघी तीन नावे सांगून एकसारख्या होऊन बाहेर पडल्या होत्या. बाईंना एकच कट येत असे. कापून झाल्यावर मी म्हटले, डावीकडे बोटभर जास्त आहेत. त्यांनी डावीकडे कापले. मग उजवीकडे जास्त दिसले. सगळे समान व्हायला हवे हा माझाच आग्रह. केस हनुवटीशी आले तेव्हा बाई म्हणाल्या, "ताई, आता मान सरळ धरा. केस सरळच हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सवयीने कंगवा आणि तेलाची बाटली घेऊन आले. मी डाव्या हाताने विंचरत होते. "झालं?" "झालं." ते बाटली जागेवर ठेवून चहा टाकायला गेले.

पुढे वर्षभर मी बाईंकडे जात राहिले. मग त्यांची आई गंगापूरला एकटी पडली आणि बाई गेल्या. मला कळले ते केस मानेवर आल्यावर, जिना चढून गेले तेव्हा. वर मोबाइल दुरुस्तीवाला बसला होता. मान वर न करता म्हणाला, "त्या गंगापूरला गेल्या. काकू, इथं फक्त स्क्रीन बदलते."

रविवारी मी गंगापूरच्या जीपमध्ये बसले. शेजारी एक बाई होती, टोपली मांडीवर घेतलेली. "पाहुण्यांकडं का?" तिने विचारले.

"नाही. केस कापायला."

तिला वाटले मी थट्टा करते, म्हणून मी बाईंचे आणि रिबिनीचे सगळे सांगितले. मग वाळूज मागे पडेपर्यंत ती माझ्या डोक्याकडे बघत राहिली. शेवटी टोपली पायाशी ठेवली, पदराखालून वेणी पुढे ओढली आणि मधोमध बोट ठेवून हळूच म्हणाली, "इथं कापतील का हो त्या?"

मी विचारले, "बोट तुम्हीच ठेवलंय ना?"