ताफ्याच्या आधुनिकीकरणाचा सहावा कागद

विमान कंपनीला वाईट वर्ष कधीच येत नाही. एका कंपनीचा वार्षिक अहवाल गेली कित्येक वर्षं मी मराठीत आणते आहे, त्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगू शकते. फायदा झाला की ‘आव्हाने असूनही’, तोटा झाला की ‘आव्हानांमुळे’. बाकी अध्यक्षांचं निवेदन तेच आणि फोटोतला कोटही तोच. दोन सीटांमधली जागा कमी केली की ती ‘आसनव्यवस्थेची नवी रचना’. खायला देणं बंद केलं की ‘प्रवाशांना निवडीचे स्वातंत्र्य’. पुण्यातली एक एजन्सी मला मजकूर पाठवते, मी अनुवाद करते, तो वर्तमानपत्रांत छापून येतो आणि कोणीही वाचत नाही.

नाही म्हणायला एक वाचक होता, तोही घरातलाच. आमचे हे त्याच कंपनीत, लोहगाव विमानतळावर, पंख्यांच्या छोट्या विमानांची देखभाल करायचे. येरवड्यातल्या आमच्या घरावरून विमान गेलं की जेवता जेवता ह्यांची मान वर व्हायची. “उजवं इंजिन कुरकुरतंय.” मी म्हणायची, “अहो, इथे भाजी गार होतेय, तिचं बघा.”

माझा अनुवाद तपासायचं काम ह्यांचं. तपासायचं म्हणजे थेट विमान तपासल्यासारखं. काम सुरू करताना हत्यारं मोजायची आणि संपल्यावर पुन्हा मोजायची. एक जरी कमी भरलं तरी विमान जागचं हलवायचं नाही, ही ह्यांची शिस्त. खंडेनवमीला ह्यांच्या केंद्रातले बाकीचे सहा मेकॅनिक मंडईतून झेंडू आणून हत्यारांच्या पेटीला वाहायचे. आम्ही नागपूरकडचे बौद्ध, पूजाअर्चा करत नाही. पण त्या दिवशी सगळी हत्यारं पुसून काढायचं काम हे कोणाला करू देत नसत. माझे कागदही हे आधी मोजत, मग वाचत, आणि प्रत्येकाखाली लिहीत : ‘तपासले, ठीक.’ त्याखाली सही आणि लायसन्सचा नंबर. मी चिडवायची, “माझं वाक्य काय आकाशातून पडणार आहे?” ह्यांचं उत्तर ठरलेलं, “पडलेली वाचली आहेत मी तुझी.”

मागच्या वर्षी एजन्सीतून खास फोन आला. “मॅडम, या वेळी अगदी घरातसुद्धा नाही हं. बाहेर फुटलं तर तुमचं काम जाईलच, पण तुमच्या साहेबांनाही कंपनीत त्रास होईल.” आठ कागद होते. सहाव्याचं शीर्षक, ‘ताफ्याचे आधुनिकीकरण’. नवी जेट विमानं येणार, जुनी पंख्यांची विमानं वर्षअखेर सन्मानपूर्वक निवृत्त होणार, आणि पुण्यातलं त्यांचं देखभाल केंद्र बंद. म्हणजे ह्यांचंच.

विमानाच्या मेकॅनिकला कुठल्याही विमानाला हात लावता येत नाही. ज्या जातीचं विमान, त्या जातीचं लायसन्स. ह्यांचं लायसन्स जुन्याचं. नव्या विमानाच्या प्रशिक्षणाचे फॉर्म कंपनीनं महिन्याभरापूर्वीच काढले होते, शेवटचा दिवस पुढच्या आठवड्यातला शुक्रवार. आणि हे काही केल्या भरत नव्हते. “माझ्या निवृत्तीपर्यंत ही विमानं हलत नाहीत. आणि या वयात पोरांच्या शेजारी बाकावर बसून घोकंपट्टी करू का?” हे म्हणतात म्हणून केंद्रातल्या बाकीच्या सहांपैकीही कोणी भरला नव्हता. मोठ्या माणसानं हात झटकले की धाकटेही झटकतात.

चार दिवस मी नुसती मागे लागले. फॉर्म भरा, काय बिघडतं, माझ्यासाठी भरा. कारण काही सांगता येईना. शेवटी हेच म्हणाले, “तुला काय झालंय? पेट्रोल संपल्यासारखी गचके खातेयस.”

रविवारी दुपारी जेवणानंतर ह्यांनी चष्मा पुसला आणि हात पुढे केला. कागद दिलेच नसते तर संशय आला असता. म्हणून मी सहावा काढून घेतला आणि पुढच्यांचे आकडे बदलून सात कागद ठेवले. भलतीच हुशार समजत होते मी स्वतःला. ह्यांनी सात मोजले, मग पहिल्या कागदावरच्या अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं.

“यादीत आठ विषय आहेत. ताफा कुठाय?”

“राहिला असेल.”

“विमान कंपनीच्या अहवालात विमानं राहिली? मग आम्ही रोज सकाळी काय हवा पुसतो?”

मी मुकाट्यानं कपाटातून सहावा कागद काढून दिला आणि तिथेच रडायला लागले. ह्यांनी तो दोनदा वाचला.

“छापून कधी येणार?”

“सोमवारी. या उद्याच्या नाही, पुढच्या.”

“आणि फॉर्म शुक्रवारी बंद. वा! वेळापत्रक पाळण्यात आपल्या कंपनीचा हात कोणी धरणार नाही.”

“आता तरी भरा, आणि गप्प बसा. कोणाला सांगितलंत तर आपण दोघंही घरी बसू.”

“आणि ते सहाजण?”

मी भडकले. म्हटलं, त्यांच्या बायका बघतील त्यांचं, तुम्ही आपलं बघा. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. ह्यांनी सहावा कागद जागच्या जागी लावला, आठ मोजले, सह्या केल्या.

सोमवारी ह्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. फक्त केंद्रातल्या टेबलावर सगळ्यांसमोर फॉर्म पसरला आणि तासभर भरत बसले. झालं! एवढा हट्टी माणूस भरतोय म्हणजे काहीतरी शिजतंय, एवढं ओळखायला कोणा पुणेकराला अहवाल लागत नाही. गुरुवारपर्यंत सहाचे सहा फॉर्म गेले होते.

वर्षअखेर शेवटचं विमान गेलं तेव्हा त्याच्यावर दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडवून सलामी दिली. ह्यांना दोन ओळींची ईमेल आली. सहाजणांची निवड झाली होती, ह्यांची नाही, ‘वयाच्या अटीनुसार’. मी त्या फॉर्मची घरातली प्रत शोधून काढली. खाली अगदी बारीक अक्षरात ती अट होती. आणि बारीक अक्षर न वाचता सही करणारा हा माणूस नव्हे.

“तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!”

“होतं.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तू तरी सहावा कागद कुठे दिला होतास?”



या वर्षीचा अहवाल गेल्या आठवड्यात आला. त्यात एक वाक्य होतं : ‘पुणे केंद्रातील सर्व तंत्रज्ञांनी नव्या विमानांसाठी उत्स्फूर्तपणे नावे नोंदवली.’ ते मराठीत आणताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आणलं. पोटाचा प्रश्न. हल्ली हे घरीच असतात. त्यांनी कागद मोजले, वाचले, आणि त्या वाक्याखाली लिहिलं, ‘तपासले, ठीक.’

“ठीक? काय ठीक आहे हो यात?”

“विधान बरोबर आहे. सातच्या सात जणांनी नोंदवली होती.”

सही केली, आणि सवयीनं खाली लायसन्सचा नंबर लिहायला लागले. अर्ध्यावर हात थांबला. मग पेनाला टोपण लावून शांतपणे चहा मागितला. एजन्सीला मी दुसरी प्रत पाठवली. तो कागद माझ्याकडेच आहे.