कानांनी वाचलेल्या चाचण्या

प्रशिक गजभिये मूळ उमरेडचा. वडील कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. तो नागपुरात परसोडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होता. कंपनी दवाखान्यांसाठी औषधांचा प्रोग्राम बनवायची आणि प्रशिक त्याच्या चाचण्या लिहायचा. त्याच्या स्क्रिप्ट आपोआप चालत, खोटा पेशंट नोंदवत, त्याला औषध लावत आणि डोस बरोबर निघतो का ते तपासत. बरोबर असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल.

तिशीच्या आतच त्याला या दोन खुणांतला फरक कळेनासा झाला. मग अक्षरंही विरायला लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, दृष्टिपटलाचा आजार आहे, नजर हळूहळू जाईल. त्याने हे कोणालाच सांगितलं नाही.

आईने, सिंधूताईने, ते ओळखलं. रविवारी तो उमरेडला घरी गेला होता; जेवताना पेल्याकडे नेलेला त्याचा हात बाजूलाच पडला.

"कधीपासून दिसून नाही राहिलं तुले?"

"दिसते वं माय."

"मले खोटं नको सांगू. काहून लपवून राहिला?"

त्याने सगळं सांगितलं. सिंधूताईने गॅस बंद केला आणि त्याच्याजवळ येऊन बसली. वडील ताटावरून उठले नाहीत, पण पुढे जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात विक्रमकडे गेला. विक्रम त्यांच्या गटाचा प्रमुख. डोळ्यांचं सगळं ऐकून तो म्हणाला, "नोकरी नाही जाणार तुझी. फोनवर दवाखान्यांशी बोलायचं काम देतो. सोपं जाईल."

"भाऊ, थोडा वेळ द्या. मले माझंच काम करायचं आहे."

पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज त्याने कॉम्प्युटरवर बसवला आणि कानांना हेडफोन लावून स्वतःच लिहिलेल्या चाचण्या ऐकायला घेतल्या. आवाज सांगायचा, 'चाचणी सतरा नापास.' सतरा म्हणजे काय, का नापास, काही कळेना. डोळे होते तोवर तो वर-खाली बघून अंदाज बांधायचा. आता ते होणार नव्हतं.

त्याने एकेक चाचणी नव्याने लिहिली. आकड्याऐवजी पूर्ण वाक्याचं नाव दिलं: 'मुलाला वजनाच्या मानाने जास्त डोस लिहिल्यास औषधाची पर्ची अडावी.' एका चाचणीत एकच गोष्ट तपासायची. प्रत्येकीने आपला पेशंट स्वतः नोंदवायचा आणि जाताना पुसून टाकायचा. नापास झाली तर काय हवं होतं आणि काय मिळालं, हे तिने सांगायचं. हे नियम त्याने सगळ्यांना पाठवले. शेजारी बसणारी रितिका वैतागली.

"एवढं लिहीत बसलो तर काम कधी होईल, प्रशिक?"

"लिही तू. मले वाचता नाही येत म्हणून तरी लिही."

तिने लिहिलं.

एक चाचणी बरेच दिवस त्रास देत होती. कधी पास व्हायची, कधी नापास. सगळे ती पुन्हा चालवत, हिरवी झाली की पुढे जात. प्रोग्रामची नवीन आवृत्ती एका दवाखान्यात जायच्या आठवड्यात ती पुन्हा नापास झाली. रितिकाने ती नव्या पद्धतीने लिहिलेली होती, म्हणून या वेळी प्रशिकला कारण ऐकू आलं: 'वजन बारा किलो हवं होतं, चौसष्ट मिळालं.'

त्याने ते पुन्हा ऐकलं. मग रितिकाला म्हणाला, "चौसष्ट किलोचा पेशंट कोणत्या चाचणीत आहे, पाहून सांग बरं."

तो आधीच्या चाचणीतला होता, आणि पुसलेलाही होता. म्हणजे दोष चाचणीत नव्हता. घाईत एकामागून एक पेशंट उघडले तर प्रोग्राम कधीकधी आधीच्याचंच वजन धरून ठेवत होता. लहान मुलाला मोठ्या माणसाचा डोस गेला असता.

विक्रमने तिथल्या तिथे फोन करून आवृत्ती थांबवली. मग खुर्ची ओढून प्रशिकजवळ बसला. "मीच म्हणत होतो, पुन्हा चालवा," तो म्हणाला.

तेव्हापासून नापास चाचणी हिरवी होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवायची नाही, आधी कारण शोधायचं, हा तिथला पहिला नियम झाला.

प्रशिकची नजर पुढच्या वर्षी पूर्ण गेली. आता पांढरी काठी घेऊन तो ऑफिसात येतो. सिंधूताई त्याच्याकडे नागपुरात राहायला आली आहे. नव्याने लागलेल्या एका मुलीने परवा त्याला म्हटलं, डोळे गेले म्हणून चाचण्या अशा लिहायचं सुचलं, नाही का सर?

"हो," तो म्हणाला, "पण डोळे असताना सुचायला पाहिजे होतं." आणि त्याने तिला तिची पहिली चाचणी मोठ्याने वाचायला सांगितली.