मागचा धडा लागेल असं पुस्तक

काकांना प्रोग्रॅमिंग शिकायचं नव्हतं. आपल्याला अजून काही नवीन शिकता येतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. हे त्यांनी मला पुस्तकांच्या दुकानाकडे जाताना गाडीत सांगितलं, आणि तेही मी त्यांची भरपूर टिंगल करून झाल्यावर. रिटायर झालेल्या सर्जनला कोडिंगचं खूळ कुठून लागलं, आमच्या पोटावर पाय आणता का, असलं काहीतरी मी बडबडत होते. ते हसले नाहीत.

"अगं, माझं डोकं जातंय असं मला वाटतं," ते म्हणाले. "खात्री करून घ्यायची आहे."

गाडी मी चालवत होते ते बरं झालं. समोर बघायला निदान रस्ता तरी होता.

अमेरिकेत, बेलव्ह्यूला, मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होते. नागपूरहून वर्क व्हिसावर आलेली, एकटी, ऑफिसातल्या कुणाशीही पटकन भांडणारी. काका-काकू माझ्या जन्माच्या आधीच या देशात आलेले. मुलगी टेक्सासला, तिच्या संसारात. काकूंची नजर मधुमेहानं जवळजवळ गेली होती. माणूस आलाय हे कळायचं, कोण ते आवाजावरून. सकाळ-संध्याकाळ त्यांना इन्सुलिनची सुई काका द्यायचे. काकांची सगळी भीती त्या सुईपाशी येऊन थांबत होती.

"किल्ल्या विसरलो तर विसरलो," ते म्हणाले. "पण सुई दिली हेच विसरलो आणि पुन्हा दिली, तर ती झोपेतच जाईल."

"लिहून ठेवा ना काका. फ्रिजवर कागद लावू."

"लावलाय. पण लिहायचंच विसरलो तर?"

मग डॉक्टरला दाखवा, असं मी म्हणाले. डॉक्टर काय विचारणार हे त्यांना पाठ होतं. तीन शब्द लक्षात ठेवा, घड्याळाचं चित्र काढून दाखवा, शंभरातून सात वजा करत चला. "ऑपरेशननंतर भांबावलेल्या म्हाताऱ्या पेशंटना हेच प्रश्न मी जन्मभर विचारले. झोपेत पास होईन. आणि जुनं सगळं येतंय मला. परवा शाळेतली भूमितीची प्रमेयं मांडून बघितली, एक पायरी चुकली नाही. त्यानं काय सिद्ध होतं? मला असं काहीतरी पाहिजे जे मी उभ्या जन्मात शिकलेलो नाही."

म्हणून प्रोग्रॅमिंग. आणि म्हणून मी.

दुकानात कॉम्प्युटरच्या पुस्तकांची अख्खी भिंत होती. नवशिक्यांच्या पुस्तकांवर माझा आधीपासून राग आहे. पहिल्याच पानावर 'घाबरू नका' असं लिहितात, म्हणजे जो घाबरला नव्हता तोही घाबरतो. पुढे प्रत्येक पानावर एक कार्टून, त्याच्या तोंडून लेखकाचे विनोद. मी स्वतः मित्रांच्या झेरॉक्स नोट्स वाचून शिकले, तेव्हा माझा राग थोडा असूयेचाही असेल. मी काकांसाठी मोठ्या अक्षरांची, पातळ, चित्रं असलेली पुस्तकं काढायला लागले. ते एकेक हातात घेऊन मधलंच पान उघडायचे आणि परत ठेवायचे.

"याच्यात प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला मागच्या धड्याचा सारांश आहे. नको."

"काका, ते तर चांगलं असतं ना? बिगिनरला हेल्प होते."

"तेच तर. मला हेल्प नकोय. पुढचा धडा करायला मागचा धडा लागेल असं दे. मागचं डोक्यात नसेल तर पुढे एक ओळही सरकता कामा नये."

असं पुस्तक निवडायची वेळ माझ्यावर त्याआधी कधी आली नव्हती, नंतरही नाही. लोक शिकवणारं पुस्तक मागतात. हा माणूस आपल्याला उघडं पाडेल असं पुस्तक मागत होता. शेवटी खालच्या फळीवर पायथॉनचं एक राखाडी कव्हराचं पुस्तक मिळालं. त्यात ना चित्रं होती ना धीराचे शब्द. प्रत्येक धड्याच्या शेवटी गणितं, आणि मागे उत्तरं नाहीत. काकांनी ते उभ्याउभ्या पाच मिनिटं चाळलं आणि "हे चालेल" म्हणाले. मी मनातल्या मनात त्या लेखकाला शिव्या घातल्या.

दोन अटी ठरल्या. हे कशासाठी चाललंय ते काकूंना सांगायचं नाही, आणि मी काकांशी खोटं बोलायचं नाही. सकाळी निघायच्या आधी, आणि ऑफिसातून वेळेवर सुटले की संध्याकाळीही, मी सुईच्या वेळेला चहाच्या निमित्तानं वर जाऊन बसायची. ज्या दिवशी उशीर व्हायचा त्या दिवशी मी प्रत्येक सिग्नलला घड्याळ बघायची. घरात शिरले की बऱ्याचदा वरून भांडणाचा आवाज यायचा. भाजीत मीठ नाही, मुलीला फोन का केला नाही, टीव्ही एवढा मोठा कशाला; काकू अशी काही तोंडाला लागायच्या की काका दाणदाण पाय आपटत बाहेरच्या खोलीत जायचे. काकू भांडतायत म्हणजे काकू ठीक आहेत, एवढाच अर्थ मी त्यातून काढायची आणि निर्धास्त व्हायची.

शनिवारी सकाळी आमचा क्लास. पहिल्या दोन धड्यांचा काकांनी असा फडशा पाडला की मला वाटलं, या माणसाला काही झालेलं नाही, उगाच घाबरलाय. माझ्या टीममधल्या पोरांना न पडणारे प्रश्न ते विचारायचे. तिसरा धडा याद्यांचा होता. यादीतली पहिली वस्तू मागायची तर तिचा नंबर शून्य, हे वाचून ते खुर्चीत पुढे सरकले.

"मोजणी शून्यापासून? का?"

मी समजावून सांगितलं. ते क्षणभर विचारात पडले, मग त्यांचे डोळे चमकले. "बरं झालं, आम्ही ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचे स्पंज असे मोजले नाहीत. एक कायमचा पोटात राहिला असता."

मी खूप हसले. काकूही आतल्या खोलीतून हसल्या.

पुढच्या शनिवारी ते तिसऱ्या धड्याशीच होते. गणितं सुटली नाहीत म्हणाले, पुन्हा बघू. पुन्हा वाचलं. पुन्हा ते खुर्चीत पुढे सरकले. "मोजणी शून्यापासून? का?" मी समजावलं. त्यांनी स्पंजचा विनोद केला. माणसं आपले विनोद पुन्हा पुन्हा सांगतातच, माझे वडीलही सांगायचे, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तोंडदेखलं हसले. काकू या वेळी हसल्या नाहीत.

त्याच्या पुढच्या शनिवारी बाहेर लख्ख ऊन होतं. त्या गावात हिवाळ्याच्या तोंडावर असं ऊन म्हणजे चैनच, तेव्हा आम्ही खिडकीपाशी बसलो. काकांनी धडा उघडला, बोट फिरवत वाचत गेले, थांबले, आणि खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर नवीन काही सापडल्याचा आनंद होता, अगदी खराखुरा. तो आनंद मला बघवेना. त्यांनी प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. मग त्यांचे डोळे चमकले आणि मला पुढचं वाक्य ऐकावं लागणार हे कळलं. स्पंज पोटात राहिला. मला हसता आलं नाही.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. पेशंटच्या नातेवाइकांचे चेहरे वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"हे मी आधी विचारलंय?"

"हो, काका."

"कधी?"

"गेल्या शनिवारी. आणि त्याच्या आधीच्या."

"जोकसुद्धा?"

"जोकसुद्धा."

त्यांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं ते चिडतील, निदान माझ्याशी वाद तरी घालतील. त्यांनी फक्त चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि काकूंना हाक मारली. काकू भिंतीला हात लावत आल्या. माझ्यासमोरच त्यांनी सगळं सांगितलं, न अडखळता, एखाद्या केसची माहिती द्यावी तसं. शेवटी म्हणाले, "तुझी सुई आता माझ्या हातात सेफ नाही."

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या.

"कसं?"

"तुम्ही कधीकधी दुसऱ्यांदा सुई घेऊन येता. मग मी भांडण काढते. रागावलात की तुम्ही ती ठेवून निघून जाता."

ज्या आवाजानं मी निर्धास्त व्हायची, तो आवाज काकू जीव वाचवण्यासाठी काढत होत्या. आणि नवऱ्याला तोंडावर सांगायचं नाही म्हणून स्वतः कजाग ठरत होत्या. काकांनी काकूंचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

त्याच दुपारी इन्सुलिनचा डबा खाली माझ्या फ्रिजमध्ये आला. सुई कशी भरायची, कुठे टोचायची, काकूंनी खाल्लं नसेल तर काय करायचं, हे काकांनी मला असं शिकवलं की मला ते आजही झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. शिकवून झाल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "आता हे ऐक. एक दिवस मी डबा मागायला येईन. मी डॉक्टर आहे म्हणेन. ओरडेन, तुला वाटेल ते बोलेन. मला शंभर टक्के खात्री असेल. देऊ नकोस."

"नाही देणार," मी म्हणाले. ते बोलणं मला त्या वेळी फार सोपं वाटलं.

तो दिवस त्याच हिवाळ्यात आला. मी नुकतीच काकूंना सुई देऊन, जेवायला वाढून खाली आले होते. काका जिना उतरून दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, भांग काढलेला.

"डबा दे. तिच्या सुईची वेळ झाली."

"दिली, काका. आत्ताच."

"कोणी दिली?"

"मी."

"तू? तू डॉक्टर आहेस?" त्यांचा आवाज चढला. "तीस वर्षं लोकांची पोटं उघडून शिवलीयेत मी. माझ्या बायकोला सुई द्यायला तुझी परमिशन लागणार? भाडेकरू आहेस, भाडेकरूसारखी राहा!"

मी फ्रिजला पाठ लावून उभी राहिले. भांडखोर म्हणून माझी ख्याती, पण मी नुसतं फ्रिजचं दार पाठीमागे हातानं दाबून धरलं. वरून काकूंची हालचाल ऐकू येत होती. काका अगदी जवळ आले. चेहऱ्यावरचा राग ओसरला आणि तिथं नुसतं दुखावलेपण उरलं, लहान मुलासारखं.

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "नाही, काका."