माझे साडू आणि मिरचीचा मोसम

माझ्या साडूंनी आयुष्यात स्वतःच्या हाताने एकही काम केलेलं नाही, आणि ते नसते तर आमच्या दोन्ही घरांतलं एकही काम पुरं झालं नसतं. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल खरी कशी असतील, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी सॉफ्टवेअर कंपनीतला प्रोग्रॅम मॅनेजर जवळून पाहिलेला नाही. मी पाहिला आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीने पुण्याहून आणलेला हा ऐवज आता पक्का हैदराबादी झाला आहे, म्हणजे दुपारच्या जेवणात गोंगुरा, म्हणजे अंबाडीची चटणी, नसली तर त्याला चुकल्यासारखं होतं. दिवसभर ते एका काचेच्या इमारतीत बसतात. त्यांच्या हाताखाली म्हणाल तर कोणी नाही. प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे, तपासणारे वेगळे, विकणारे वेगळे, आणि यांतल्या एकाचीही अर्ध्या दिवसाची रजा मंजूर करायचा अधिकार साडूंना नाही. तरीही ही सगळी मंडळी ठरल्या दिवशी ठरलेलं काम आणून देतात. न दिलं तर साडू फार नम्रपणे शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि "काही अडलंय का?" असं विचारतात. हे दोन-तीनदा अनुभवलेला माणूस पुढच्या वेळी काम आधीच संपवतो.

आमचे सासरे, म्हणजे नाना, बेगम बाजारातले मसाल्याचे घाऊक व्यापारी. मिरची, हळद, धने, चिंच. जावयाचा हा धंदा त्यांना लग्न ठरलं तेव्हापासून कळलेला नाही. पहिल्या भेटीत त्यांनी चौकशी केली होती. "तुम्ही ते प्रोग्रॅम लिहितेत का?" साडू म्हणाले, "नाही." "मग तपासतेत?" "तेही नाही." "मग करतेत काय?" साडूंनी खोटं बोलणं स्वभावात नसल्यामुळे खरं सांगितलं, "झालं का, ते विचारतो." नानांनी पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला आणि म्हणाले, "ते काम आमच्या आईनं जन्मभर केलं. तिला पगार नव्हता." तरी मुलगी दिली, कारण मुलगीच ऐकत नव्हती.

साडूंचं 'झालं का' हे आपल्यासारखं साधं नसतं. कोणी "झालं" म्हटलं की ते लगेच "झालं म्हणजे नेमकं काय झालं?" असं विचारतात. त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये नळ गळत होता. नळवाला घाम पुसत बाहेर आला आणि "हो गया साब" म्हणाला. साडूंनी विचारलं, "गळना बंद हुआ, या पानी आना बंद हुआ?" नळवाल्याचा चेहरा पडला. तो निमूट परत आत गेला आणि त्यानंतर तासभर बाहेर आला नाही. वास्तुशांतीला गुरुजींनी "पूजा झाली" असं म्हणताच हे हात जोडून पुढे झाले आणि "म्हणजे आता जेवायला बसता येईल, या अर्थाने झाली का?" असं म्हणाले. गुरुजींची आरती राहिली होती. तेही निमूट परत बसले.

वेळेच्या बाबतीत साडू सगळ्यांना खऱ्याच्या बरंच आधीचं सांगतात. त्यांच्या मते माणूस उशीर करतोच, तेव्हा तो उशीर आधीच हिशेबात धरावा. मी रेल्वेतला माणूस, मला हे तत्त्व पटण्यासारखं आहे. पण एकदा सगळ्यांनी मिळून यादगिरीगुट्ट्याला दर्शनाला जायचं ठरलं. साडूंनी सांगितलेली वेळ खरी नसते हे तोवर घरात सर्वांना ठाऊक झालं होतं, म्हणून आम्ही आमच्या हिशेबाने उशिरा निघालो. आम्हाला हे ठाऊक झालं आहे हे साडूंनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तोही उशीर धरला होता. आम्ही तारनाक्याहून त्यांच्या दारात पोचलो तेव्हा साडू अंघोळीला गेले होते आणि आतून "तुम्ही फार लवकर आलात!" म्हणून ओरडत होते.

जेवणं उरकल्यावर ते सर्वांना हात वाळवत बसवून ठेवतात आणि काय चांगलं झालं, काय सुधारता येईल, असं विचारतात. हे ऑफिसात करतात म्हणे. पहिल्या दिवाळसणाला त्यांनी हे सासुरवाडीत केलं. सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं ते पुरण. सुधारायचं ते तुम्ही." पुढे पुष्कळ वर्षं दोघांचं उत्तम जमलं.

पण साडूंचं खरं वेड म्हणजे रंग. कोणतंही काम त्यांच्या लेखी हिरवं, पिवळं किंवा लाल असतं. नीट चाललेलं हिरवं, डळमळीत पिवळं, बुडणारं लाल. "कसे आहात?" असं विचारलं तर "पिवळा, संध्याकाळपर्यंत हिरवा होईन" असं सांगतात. या रंगांबाबत त्यांचा एकच नियम आहे, आणि तो त्यांनी नोकरी पणाला लावून पाळलेला मी पाहिला आहे. लालला हिरवं म्हणायचं नाही आणि हिरव्याला लाल म्हणायचं नाही. एकदा परदेशातल्या बड्या गिऱ्हाइकापुढे सगळे साहेब "हिरवं, हिरवं" म्हणत असताना हे एकटे उठले आणि "लाल आहे" म्हणाले. त्यांना त्या वर्षी बढती मिळाली नाही. काम पुढे खरंच बुडलं, तेव्हाही मिळाली नाही. "रंग खोटा सांगितला की मग सगळंच आंधळेपणाने चालवावं लागतं, दादा," असं ते मला म्हणाले. मला दादा म्हणणारे ते एकटेच आहेत.

तर गेल्या वर्षी नानांच्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत, ऑपरेशन करावं लागेल आणि लवकर करावं लागेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. नाना म्हणाले, "करू की. मिरचीचा मोसम होऊ द्या." मिरचीचा झाला, तर चिंचेचा आला. मग आवकायचा, म्हणजे कैरीच्या लोणच्याचा, कारण त्या दिवसांत बेगम बाजारातून हलणं म्हणजे मांडवातून नवरदेव उठून जाण्यासारखं. पुढे श्रावण, त्यापुढे दसरा-दिवाळी. व्यापाऱ्याच्या पंचांगात आजारी पडायला तिथीच नसते. दोघी बहिणी रडल्या, मी माझ्या परीने रागावून पाहिलं, डॉक्टर स्वतः बोलले. नाना सर्वांना "हौ, हौ" म्हणत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गौलीगुड्याच्या घरून चालत दुकानात जाऊन बसत. वाटेत दोन ठिकाणी थांबून श्वास घ्यावा लागतो, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ते थांबत त्या दोन्ही दुकानदारांनी आम्हाला सांगितलं.

शेवटी हे काम साडूंनी हाती घेतलं. त्यांनी नानांना ऑपरेशनबद्दल एक अक्षर विचारलं नाही. दोन-तीन शनिवार ते दुकानात जाऊन पोत्यावर नुसते बसले, शिंकले, आणि परत आले. मग मला म्हणाले, "दादा, नानांना ऑपरेशनची भीती नाही. आपण नसलो तर दुकान बुडेल ही भीती आहे. ती काढली की काम हिरवं." मला ते पटलं. कोणालाही पटलं असतं. त्यांनी नानांपुढे प्रस्ताव ठेवला की एक आठवडा तुम्ही घरी बसा, मी रजा घेऊन दुकानात बसतो, दुकान चालतं की नाही ते बघू. नाना हसले. चालणार नाही याची त्यांना खात्री होती, म्हणून लगेच कबूल झाले.

दुकान फार सुरेख चाललं. चालवलं यादगिरीने, जो त्या दुकानात काम करतच म्हातारा होत आला आहे. साडू फक्त मधूनमधून "काही अडलंय का?" असं विचारत होते आणि काहीच अडत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी साडू मोठ्या उत्साहाने एक कागद घेऊन नानांपुढे बसले. मीही होतो. कागदावर आठवड्याचं सगळं काम मांडलेलं होतं आणि वरपासून खालपर्यंत सगळं हिरवंगार होतं.

नानांनी चष्मा लावून तो कागद शांतपणे पाहिला. "म्हणजे चाललं," ते म्हणाले.

"उत्तम चाललं, नाना! एकदासुद्धा तुमची गरज पडली नाही."

"हौ." नानांनी कागदाची घडी घालून परत दिली. "मग आता आपरेशन कशाला? कामाच्या वस्तूला दुरुस्त करतेत, जावईबापू. बिनकामाच्या वस्तूला कोण दुरुस्त करतंय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सोमवारपासून नाना दुकानातही जाईनात. सासूबाई गेल्यापासून त्या माणसाला दुकानच काय ते उरलं होतं, आणि तेही आपल्यावाचून चालतं हे आम्ही त्याला रंगवून दाखवलं होतं. ते खिडकीपाशी बसून राहत. स्वयंपाकीणबाई सांगे, ताट तसंच परत येतं. डॉक्टरांनी दिलेली मुदत उलटून गेली होती.

साडू तारनाक्याला आमच्याकडे आले आणि कोचावर बसले. चहा निवला तरी त्यांनी घेतला नाही. "लाल आहे, दादा," असं म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "मीच लाल केलं." इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. मला त्यांची फार दया आली, आणि नानांचीही आली, पण काय करावं ते सुचलं नाही. मी दुसरा चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी मी नानांपाशी बसलो होतो. अकराच्या सुमारास फोन वाजला. मला नको, तुम्हीच घ्या, असा नानांनी हात हलवला, म्हणून मी घेतला आणि आवाज मोठा केला. साडू ऑफिसातून बोलत होते, पण बोलले असे की जणू दुकानात उभे आहेत. "नाना, जरा घोटाळा झालाय. यादगिरी म्हणतोय, जागा कमी आहे तर गुंटूरची मिरची आणि ब्याडगी एकाच पोत्यात भरू का?"

नाना ताडकन ताठ झाले. "एका पोत्यात? डोकं ठिकाणावर हाय का त्याचं? हात लावू नका म्हणावं! तिखटाची येगळी, रंगाची येगळी! इतकं पण सांगावं लागतंय का?" त्यानंतर त्यांनी दहा मिनिटं दोन्ही मिरच्यांची कुळकथा सांगितली आणि फोन ठेवून स्वयंपाकीणबाईंना "भाकरी टाका" म्हणाले.

निघायच्या वेळा सोडल्या तर साडूंच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं. हिरव्याला लाल म्हणणं. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांना तयारी करावी लागे. रोज संध्याकाळी ते यादगिरीला फोन करून उद्या काय बिघडवू ते विचारत. पहिल्याच दिवशी यादगिरीने तक्रार केली, "साब, इत्ता बेवखूफ सवाल मेरे नाम पे नक्को डालो. सेठ मेरेकू नौकरी से निकालते." मग दोघे मिळून जरा अब्रूदार अडचणी शोधू लागले. हळदीला कीड लागल्याची शंका आली. चिंच ओली आली. धन्याच्या भावावरून कोणी अडून बसलं. यांतलं काहीही घडलं नव्हतं. नाना रोज अकराला दाढी करून, स्वच्छ सदरा घालून फोनपाशी तयार बसू लागले. आणि एका दुपारी, ओल्या चिंचेचं प्रकरण निकालात काढल्यावर, मला म्हणाले, "हे लोक दुकान बुडवतेत. मला लौकर नीट व्हावं लागतंय. घ्या आपरेशनची तारीख."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नानांना आत नेताना आम्ही सगळे चाकांच्या खाटेबरोबर चालत होतो. साडूंच्या हातात नानांची कवळी आणि चष्मा होता. दारापाशी नानांनी त्यांना खुणेने खाली वाकायला सांगितलं. कवळी नसल्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते, पण मला ऐकू आले.

"दुकान चांगलं चालू हाय, मला ठावं हाय. समोरचा खोबऱ्यावाला रोज फोन करून सांगतो."

साडूंचा चेहरा पांढरा पडला. "नाना, मी..."

"आपरेशन झाल्यावर पण विचारत जावा म्हणलं," नाना म्हणाले, आणि त्यांना आत नेलं.

साडू त्या दारासमोर उभेच राहिले. सोबत आणलेली सगळी कागदपत्रं, पर्यायी रक्तदात्यांची यादी, डब्यांच्या पाळ्यांचा तक्ता, काही म्हणजे काही त्यांनी उघडून पाहिलं नाही. डॉक्टर बाहेर येऊन "झालं, नीट झालं" म्हणाले, तेव्हा झालं म्हणजे काय ते साडूंनी विचारलंच नाही. ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. पुण्याचा माणूस असा भर कॉरिडॉरमध्ये रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता.

नाना आता बरे आहेत, म्हणजे त्यांच्या वयाला जेवढं बरं असता येतं तेवढे आहेत. दुकानात जायला परवानगी नाही. आवाज बारीक झाला आहे, बोलता बोलता मध्येच थांबतात आणि आपण काय बोलत होतो ते आम्हाला विचारतात. मधूनमधून मला सासूबाईंच्या नात्यातल्या कोणाच्या तरी नावाने हाक मारतात. मी ओ देतो.

परवा मी गौलीगुड्याला गेलो होतो. नाना सदरा घालून बसले होते. फोन वाजला. तिकडे काचेच्या इमारतीत कुठली तरी मोठी बैठक अर्ध्यावर सोडून साडू बाहेर आलेले असणार, कारण मागे इंग्रजीत कोणीतरी त्यांना शोधत होतं. नानांनी मला टीव्ही बंद करायला लावला, घसा साफ केला, फोन दोनदा वाजू दिला आणि मग उचलला.

"बोला जावईबापू," ते म्हणाले, "काय अडलंय?"