फोटोत फक्त डावा हात

फोटोत एकच हात का, असं कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगते.

आज दुपारी घरीच फ्रेंच जेल मॅनिक्युअर केलं. लेकीने पुण्याहून सगळा सेट पाठवलाय, जेल सुकवायच्या छोट्या दिव्यासकट. डाव्या हाताची नखं झकास झाली. फिकट गुलाबी, टोकाला पांढरी रेघ. मग ब्रश डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातावर नुसता गोंधळ. पुसलं, परत केलं, परत पुसलं, पुन्हा लावलं.

तेव्हा शकू आठवली. नव्वदच्या दशकात आम्ही रोह्याजवळच्या वरसे गावात शेजारी राहायचो. दोघींचे नवरे जवळच धाटावच्या एमआयडीसीत एका कंपनीत, सेकंड शिफ्टला. अशी नखं एका मासिकात पाहिली, पण पांढरं नेलपॉलिश रोह्यात मिळेना. मग नवऱ्याच्या ऑफिसातलं व्हाइटनर लावलं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना त्याच्या खपल्या पिठात.

डावा हात जिचा तिने रंगवायचा, उजवा दुसरीने, असं आमचं ठरलेलं. शकू पेणकडच्या मिठागरवाल्यांची लेक. माझं बोट घट्ट धरायची नि म्हणायची, "हलू नको गो, रेघ वाकडी जाते."

शकू आता नाही.

हे जेल दिव्याखाली धरल्याशिवाय सुकत नाही, कितीही वेळ तसंच राहतं. मीही ओला हात पुढे धरून बराच वेळ बसून राहिले. शेवटी पुसून टाकलं.

तुमचा उजवा हात कोण रंगवतं?