मदनकाकांची मुलाखत

मदनकाकांच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा मी खुर्चीत टेकायच्या आतच त्यांनी मला परत बाहेर पाठवलं. "असं न्हाई, बेटा. दारात उभी राहा, आत येऊ का विचार, मंग ये. अन् ओढणी सारखी करायची ती बाहेरच. आत आल्यावर हात मोकळे पाहिजेत." मी गेले, पुन्हा आले. त्यांनी पुन्हा पाठवलं. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, पोरीला पाणी तरी पिऊ द्या!" "पाणी नोकरी लागल्यावर," काका म्हणाले आणि स्वतःच उठून तांब्या-भांडं घेऊन आले.

जालन्यात माझ्या मावशीच्या शेजारचं घर त्यांचं. त्यांचे पणजोबा राजस्थानातून कापसाच्या व्यापारासाठी आले आणि इथलेच झाले. काकांनी मात्र दुकान धरलं नाही. ते बियाण्यांच्या एका कंपनीत लागले आणि पुढे तिथली सगळी भरतीच त्यांच्याकडे आली. कंपनी सोडल्यापासून ते घरीच असत आणि नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींची तयारी करून घेत. पैसे घेत नसत, पण ठरल्या वेळेला आलं नाही तर दारही उघडत नसत.

मी तीर्थपुरीची. शेतीची पदवी घेऊन स्पर्धा परीक्षांच्या मागे लागले. चार वर्षं संभाजीनगरात खोली करून राहिले आणि हात हलवत घरी परत आले. मग लग्नकार्याला जाणंच सोडलं, कारण मांडवात जो भेटेल तो विचारायचा, "काय करून राह्यलीस सध्या?" शेवटी आईने माझी बॅग भरली आणि मला मावशीकडे पाठवून दिलं, आणि मावशीने काकांकडे.

"स्वतःबद्दल सांग," काका म्हणाले. मी इंग्रजीतून सुरू केलं. मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, सगळ्यांना बरोबर घेऊन काम करते. काका डोळे मिटून ऐकत होते. "हे मोबाईलवरून पाठ केलंस ना? सगळे हेच म्हणतात. यात तू कुठंय?" मग त्यांनी वेगळंच विचारलं. गेल्या हंगामात शेतात काय केलंस? मी सांगितलं की पेरणीआधी सोयाबीनचे दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण बघितली होती. निम्मेच उगवले, म्हणून वडिलांना ते बियाणं पेरू दिलं नाही. बदलून आणायला लावलं, शेजाऱ्यांनाही सांगितलं.

काका खुर्चीत पुढे सरकले. "अरे, मंग हे का न्हाई सांगितलंस? मेहनती हाय म्हनू नको. गोणपाटाचं सांग. मेहनती हाय का न्हाई, ते समोरचा ठरवंल."

त्या चार वर्षांचं काय करायचं, हा माझ्या मनातला खरा काटा होता. ती बायोडाटामधून गाळून टाकावीत असं मला वाटत होतं. "बिलकुल न्हाई," काका म्हणाले. "लपवलं की तोंडावर दिसतं. अभ्यास केला, निवड झाली न्हाई, आता हे काम करायचंय. एवढं बोलायचं अन् थांबायचं. रडगाणं न्हाई, सफाई देत बसायचं न्हाई."

जाहिरातीची वाट बघत बसणं त्यांना खपत नसे. त्यांनी मला बाजारातल्या बियाण्यांच्या दुकानांत पाठवलं. कोणतं वाण जास्त खपतं, शेतकरी कशाची तक्रार करतात, कोणत्या कंपनीचा माणूस गावात फिरतो, हे विचारून यायचं. पहिल्या दुकानात मी नुसती पाकिटं बघून परत आले होते. आठवडाभरात दुकानदारच मला खुर्ची देऊ लागले. त्यातल्याच एकाने एका कंपनीत जागा निघणार असल्याचं सांगितलं.

ती मुलाखत मी दिली आणि मला घेतलं नाही. मावशीच्या गच्चीवर रडून घेतलं आणि काकांना सांगायला गेले. "आता त्यांना फोन लाव," ते म्हणाले. "भांडायला न्हाई. काय कमी पडलं ते विचार. न घेतलेली मानसं कधी फोन करत न्हाईत. म्हनून तू कर." मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी नीट सांगितलं, "विषय तुम्हाला येतो, पण कॉम्प्युटरवर तक्ते करता येत नाहीत." मी लगेच क्लास लावला.

पुढची मुलाखत बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. भाजीपाल्याच्या एका रोगाबद्दल विचारलं, मला येत नव्हतं. "माहीत नाही, सर," मी म्हणाले आणि ते शोधायचं झालं तर कसं शोधेन ते सांगितलं. मग चार वर्षांचा प्रश्न आला. मी सांगितलं आणि थांबले. ते काम मला मिळालं. काकूंनी गोडाचा शिरा केला.

नोकरीला वर्ष होत आलं असेल. एका रविवारी सकाळी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मावशीकडे आले. जाफराबादच्या एका कॉलेजला मुलांना नोकरीसाठी तयार करणारा माणूस हवा होता. "मला बोलावलंय," ते म्हणाले. "तू माझी मुलाखत घे."

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

"कंपनी विकल्या गेल्ती," ते खाली बघत बोलू लागले. "नव्या मालकानं आम्हा जुन्यांना काढलं. मी दुसरीकडं मुलाखतीला गेल्तो. माझ्या पोराच्या वयाचा साहेब. म्हनला, या वयात तुम्हाला नोकरी कशाला पाहिजे? जिंदगीभर लोकांना सवाल विचारले, अन् मला एक जवाब सुचला न्हाई. उठून आलो. घरी सांगितलं, मीच नको म्हनलो. त्यानंतर कुठं गेलोच न्हाई."

मी त्यांच्यासमोर बसले. इकडचंतिकडचं विचारलं, आणि मग तो प्रश्न विचारला. "या वयात तुम्हाला नोकरी कशाला हवी?"

ते खुर्चीत ताठ बसले. हात मांडीवर घट्ट धरलेले. मग म्हणाले, "घरात बसून मानसाचा आवाज बारीक होतो, मॅडम. मला हे काम येतं. जोवर येतं तोवर करायचंय."

ते मला मॅडम म्हणाले आणि मी उठून त्यांच्यासाठी तांब्या-भांडं घेऊन आले.

ते काम काकांना मिळालं. आता ते एसटीने जाफराबादला जातात, आणि तिथली मुलं त्यांना सर म्हणतात. पण मला आठवतो तो निकालाच्या आधीचा, मुलाखतीच्या दुपारचा फोन. ते जाफराबादच्या स्टँडवर होते, मागे कंडक्टरची घंटी वाजत होती.

"विचारलं का ते?" मी म्हणाले.

"विचारलं."

"मग?"

"सांगितलं. बराबर सांगितलं." मग ते म्हणाले, "बेटा, निकाल काय लागायचा तो लागू दे. या खेपेला उठून आलो न्हाई. त्यांनी 'या आता' म्हनेपर्यंत बसलो."